सिव्हिल लाइन्सचा कागद

"कितीले पडला जी हा?" काकूंनी कठड्यावरून हात घालून माझ्या पिशवीतला बस्तरचा पितळी नंदी केव्हाच उचलला होता. नागपूरच्या इतवारीत घरं इतकी खेटून, की पिशवी लपवायची तर जिन्यातच. गच्चीवर आली की ती दोन घरांची.

"क्राफ्ट मेळ्यातून आणला, काकू. सिव्हिल लाइन्सच्या केंद्रातून."

"अन् मले सांगतलं काऊन नाही? दुकानदारानं विकला का घडवणाऱ्यानं?"

"घडवणाऱ्यानंच. बायको बाजूला बसून सुटे पैसे मोजत होती."

मग काकूंनी केंद्राची उलटतपासणी सुरू केली. कोणाचं हाय, पैसा कोण देते? मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. देशात अशी सात केंद्रं. आपलं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र 1986 चं. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, कर्नाटक, आंध्र, तेलंगणा एवढा त्याचा पसारा. सुरुवातीला केंद्र सरकारनं आणि राज्यांनी ठेव ठेवली, तिच्या व्याजावर गाडा चालायचा. वरून दिल्लीचं अनुदान.

"म्हणजे आमच्या एफडीवानीच," काकू म्हणाल्या. "व्याज घटलं का चहातली साखर घटली."

मेळा, लोकनृत्यं, गायक वसंतराव देशपांड्यांच्या नावाचा संगीत समारोह, हे सगळं काकूंना पेपरातून माहीत होतं. केंद्राची गुरू-शिष्य योजना मात्र त्यांना नवी होती. गुरूला महिन्याला 7500, साथीदाराला 3750 आणि शिष्याला 1500 रुपये.

"शिकणाऱ्यालेबी पैसे?"

"हो न."

"हे बरं हाय. पोरगं काम सोडून ढोलकी बडवते म्हटलं का घरचे बोलतात. दीड हजारानं तोंडं थोडी तरी बंद होतात."

मला विचाराल तर त्या केंद्राचं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच. मेळा चार दिवस दिसतो, फोटोत येतो. हे दिसत नाही. आणि पोटाचा प्रश्न लहान कलावंतालाच असतो असंही नाही. खुद्द वसंतराव नागपुरात सप्रे मास्तरांकडे शिकले, आणि एवढा गळा असून कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत राहिले.

"अवं, मोठ्यायचं सोड," काकूंनी आवाज खाली आणला. म्हणजे आता खरी बातमी. "आमचे भंडाऱ्याकडचे चुलतदीर. खडी गंमतीच्या खेळात नाच्या व्हायचे. लुगडं नेसून उभे राहिले का बायाबी पाहत राहायच्या. सासूबाईले तर ते आवडतच नव्हतं, पण गंमत असली का पयल्या रांगेत त्याच."

"मग आता?"

"आता गुडघे गेले. मानधनाचा अर्ज भरला होता. परत आला. म्हणे कलेचा पुरावा लावा. फोटो, कात्रण, प्रमाणपत्र. आता सांग, रातभर उघड्यावर नाचणाऱ्या माणसाचं कात्रण कोण कापून ठेवते?"

योजना चांगलीच आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना राज्य सरकार मानधन देतं. आधी तीन श्रेणी होत्या. 2024 पासून सगळ्यांना सरसकट महिना 5000. वयाची अट साधारण 50 ची. पण कला अंगात असते आणि अर्जाला कागद लागतो. माझ्या मते सिव्हिल लाइन्सच्या त्या केंद्राचा दुसरा मोठा उपयोग इथे आहे. मंचावर वीस मिनिटं नाचल्यावर मिळणारं मानधन गावी पोचेपर्यंत संपतं. सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र मात्र म्हातारपणी कामाला येतं.

"म्हणजे नाच नाही, शिक्का मोठा?" काकू भडकल्या.

"मी केलं का ते, काकू?"

"अन् आपले चितार ओळीतले मूर्तीवाले? त्यायले कोण कागद देणार? मारबत काय केंद्र करते?"

हा मात्र बिनतोड सवाल. काळ्या मारबतीचा पुतळा 1881 पासूनचा म्हणतात, पिवळीचा 1885 पासूनचा. तान्ह्या पोळ्याला मिरवणुकीत दोघींची भेट आपल्याच नेहरू पुतळ्यापाशी. पाय ठेवायला जागा नसते. मारबत बांधणारा, रंगवणारा हात कोणाचा, कोणी विचारत नाही. संध्याकाळी तिची राख. कलाकृतीच जाळायची म्हटल्यावर पुरावा कशाचा लावणार? वर्गणी आपण देतो, शिव्या मिरवणुकीतल्या बडग्यांच्या पुतळ्यांना देतो, कारागिराचं नाव मंडळाच्या पावतीवरही नसतं.

"असावं," काकू म्हणाल्या. "वर्गणीवाले येतीन तवा मी म्हणीनच. नाव छापा, फोटो काढा, नाही तर एक रुपया देत नाही."

"त्यात तुमचा काय फायदा?"

"फायदा कायले? भंडाऱ्याचं पाहून राहिली न मी." मग खाली वाकून नातवाला हाक मारली, "ए, तुह्या मोबाइलात आजोबाचा नाचाचा व्हिडिओ हाय न, लग्नातला? पुसू नको तो! अर्जाले लागते."

"लग्नातला चालेल का, काकू?"

"काऊन नाही चालणार? लुगडं तर नेसलंच होतं न त्यायनं."