पुढच्या एक्सलचा क्रॉस: नवशिक्या जीपमालकांसाठी

अभिनंदन. तुमच्याकडे फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे, तुम्ही ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत राहता, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून कट-कट असा आवाज येतो. गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच सांगितलंय, "साहेब, क्रॉस गेलाय." पैसे काढायची घाई करू नका. आधी आपल्या गाडीच्या पुढच्या एक्सलमध्ये क्रॉस आहे तरी का, ते बघा.

हसू नका, बऱ्याच जणांच्या गाडीत तो नसतोच. मारुती जिप्सीच्या पुढच्या चाकांपाशी छऱ्यांचा सीव्ही जॉइंट असतो. 2020 साली आलेल्या थारच्या पुढच्या चाकांनाही सीव्ही जॉइंटच आहे. या मालकांना क्रॉस लागतो तो प्रोपेलर शाफ्टसाठी. चाकापाशी क्रॉस असतो महिंद्राच्या जुन्या, पाट्यांवर बसणाऱ्या सीजे आणि एमएम जातीच्या जीपना. महिंद्रानं 1947 साली मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, त्याच घराण्यातल्या या गाड्या. आज एमएच-04 किंवा एमएच-05 नंबरची अशी जीप रस्त्यावर असेल, तर ती पुनर्नोंदणी, हरित कर आणि बायकोचं मौन या तिन्हींतून पार झालेली असते. तिच्या मालकानं पुढे वाचावं. थारवाल्यांनी वाचलं तरी हरकत नाही, रविवारी कट्ट्यावर बोलायला उपयोगी पडेल.

थोडा सिद्धांत. क्रॉस म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटच्या मधला चार भुजांचा तुकडा, प्रत्येक भुजेवर एक टोपी. या जॉइंटला इटलीच्या कार्दानोचं नाव आहे आणि इंग्लंडच्या रॉबर्ट हूकचंही. एक सोळाव्या शतकातला, दुसरा सतराव्या. दोघांनाही घोडबंदर रोड भोगावा लागला नाही. मोटारीत हा जॉइंट रुळवला तो क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकनानं, त्याचं पेटंट 1903 सालचं. त्याचं आडनाव आजही क्रॉसच्या खोक्यावर असतं, खऱ्याही आणि खोट्याही.

या जॉइंटला एक खोड आहे. तो वाकवून फिरवला की पुढचा दांडा एकसारख्या वेगानं फिरत नाही. 30 अंशाच्या कोनात तो प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे 15 टक्के घाई करतो आणि दोनदा 13 टक्के रेंगाळतो. प्रोपेलर शाफ्टवर दोन क्रॉस असतात, ते नीट एका रेषेत बसवले तर एकाची खोड दुसरा झाकतो. चाकापाशी मात्र क्रॉस एकटाच. म्हणून फोर-व्हीलमध्ये पूर्ण वळण घेताना जुन्या जीपचं स्टिअरिंग हातात धडपडतं. हा बिघाड नव्हे, जन्मस्वभाव आहे. नुसत्या धडपडीपायी क्रॉस बदलणाऱ्याचे पैसे जातात आणि धडपड राहते. कट-कट, टॉक-टॉक असा लोखंडी आवाज आला तरच पुढे जा.

आता क्रॉस मरतो कशानं? मालकाला वाटतं डोंगरदऱ्यांनी. डोंगरदऱ्या बिचाऱ्या कुठे वाटेत येतात! येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, तिथल्या ओढ्यात जीप घातली तर आधी वनखातं भेटेल. माळशेजला तुम्ही जाता ते डांबरी रस्त्यानं, भजी खायला. आणि पुरात गाडी कामाला येईल म्हणाल, तर 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हा प्रवासी काढले होड्यांनी.

क्रॉसचा पहिला मारेकरी मेव्हणा. त्याला दाखवायला म्हणून कोरड्या काँक्रीटवर फोर-व्हीलचा दांडा ओढला जातो. या जीपना मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भागवतं, काँक्रीटवर ते घसरत नाही. सगळा पीळ मग क्रॉसवर येतो. दुसरा मारेकरी म्हणजे काहीच न करणं. पुढची चाकं एक्सलला जोडणारे हब मोकळे ठेवलेली जीप वर्षभर चालली तरी पुढचा क्रॉस फिरत नाही. मोठ्या वाडग्यासारख्या हाउसिंगचं सील फाटलेलं असतं, जुलैचं पाणी आत जातं, ग्रीसची पांढरी लापशी होते आणि बेअरिंग जागच्या जागी गंजतं. न वापरता झिजणारा दुसरा भाग आमच्या माहितीत नाही. तेव्हा सील फाटलं असेल तर नव्या क्रॉसबरोबर तेही आणा, नाहीतर पुढच्या श्रावणात हेच मार्गदर्शन पुन्हा वाचावं लागेल.

खरेदी. दुकानात "जीपचा पुढचा क्रॉस द्या" एवढंच म्हणाल तर दुकानदार देईल, नाही म्हणणार नाही. जुना क्रॉस खोलून, रॉकेलनं धुऊन, पिशवीत घालून न्या. व्हर्नियर लावून दोन मापं घ्या: टोपीचा बाहेरचा व्यास आणि टोपीपासून समोरच्या टोपीपर्यंतची लांबी. लॉक टोपीच्या आतल्या अंगाला बसतं की बाहेरच्या, तेही बघा. तुमच्या जीपचा एक्सल पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या मालकानं बदलला, हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं. म्हणून मॉडेलचं नाव सांगून फारसं साधत नाही.

ओरिजिनल, फर्स्ट कॉपी आणि लोकल अशा तीन जाती समोर येतील. खोका बघू नका, टोपी काढून आतल्या बेअरिंगच्या सुया बघा. त्या सकाळच्या डोंबिवली लोकलमधल्या माणसांसारख्या खेटून उभ्या असायला हव्यात, एकही हलायला जागा नको. सुटसुटीत दिसल्या तर क्रॉस परत करा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मालात खरा क्रॉस मिळू शकतो, पण जुन्या क्रॉसच्या भुजांवर सुयांचे चरे नखाला लागले तर तो भंगाराच्याच भावाचा.

ग्रीस निप्पलवाला घ्यावा की सीलबंद, यावर मित्रमंडळी रात्रभर भांडतील. निप्पलवाला आतून पोकळ, म्हणून ताकदीला थोडा कमी, पण ग्रीस मारलं की आत गेलेलं पाणी बाहेर निघतं. निप्पल दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या जागी, म्हणजे प्रोपेलर शाफ्टला, निप्पलवालाच घ्या. चाकाच्या बंद हाउसिंगमध्ये ग्रीसगन पोचणार नाही, तिथे निप्पल म्हणजे दागिना. सीलबंद घ्या.

बसवताना मिस्त्रीनं हातोडा उचलला की चहा मागवा आणि त्याला व्हाइसकडे वळवा. टोपी वाकडी बसली की एक सुई आडवी पडते, मग लॉक खाचेत जात नाही, मग हातोडा आणखी जोरात चालतो. लॉक हातानं फिरवून खाचेत पूर्ण बसलं का, ते स्वतः तपासा. नवा क्रॉस चारी दिशांना बोटानं हलला पाहिजे. "चालवल्यावर मोकळा होईल" असं मिस्त्री म्हणाला तर परत खोलायला लावा, नवा क्रॉस घट्ट असेल तर तो मोकळा होत नाही, जळतो.

आणि महिन्यातून एकदा मैदानाच्या चिखलात किंवा मातीत हब लावून, फोर-व्हीलमध्ये गाडी थोडी सरळ चालवा. मेव्हण्याला बरोबर नेलं तरी चालेल, मात्र दांडा त्याच्या हातात देऊ नका.