आधी सही दाखवा

आमच्या बदलापूरच्या शिरगावात सोसायटीच्या मीटिंगचा कोरम दोनच विषयांवर भरतो, पाणी आणि पार्किंग. इतर कुठल्याही विषयावर माणसं जमवायची तर नोटिशीखाली 'चहा-वड्याची सोय आहे' असं लिहावं लागतं, तेही ठळक अक्षरात. 2025 सालच्या दिवाळीआधीच्या मीटिंगला मात्र वडे कमी पडले. विषयपत्रिकेवर ना पाणी होतं, ना पार्किंग. विषय होता, 'सोसायटीच्या संगणकाची सुरक्षा : विचारविनिमय'. सुरक्षा म्हटल्यावर लोकांना वाटलं, कुणीतरी मेन्टेनन्सचे पैसे खाल्ले. अशा वेळी घरी कोण बसतं?

मी खजिनदार. त्यामुळे वडा खाता खाता सगळे माझ्याकडेच बघत होते.

प्रकरण इतकंच होतं, की 14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट्स बंद होणार होते. "म्हणजे पंधरा तारखेला मशीन बंद पडणार?" चेअरमनसाहेबांनी विचारलं. नाही, चालूच राहणार. "मग अडचण काय?"

या एका प्रश्नावर आमच्या सोसायटीचा सगळा कारभार उभा आहे. गच्ची गळते, पण चौथा मजला अजून जागेवर आहे, मग अडचण काय? मी म्हटलं, हवी तर वर्षभराची मुदतवाढ मिळते, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. मुदतवाढ म्हटल्याबरोबर अर्धी सभा खुलली. बदलापुरात फ्लॅट घेतलेल्या माणसाला मुदतवाढीचं वावडं नसतं, त्याला ताबाच मुळी त्या वाटेने मिळालेला असतो. पण विंडोज 11 फुकट मिळतं हे कळलं आणि ठराव एकमताने पास झाला. सूचक, अनुमोदक, टाळ्या.

आता त्या संगणकाविषयी. जिन्याखालच्या ऑफिसात तो 2019 पासून बसलेला आहे. तीन कोटेशनं मागवून त्यातलं सर्वांत स्वस्त कोटेशन मंजूर केलं, त्यामुळे त्याच्या अंगावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. दसरा नुकताच होऊन गेलेला. कॅबिनेटवर हळद-कुंकवाची पाच बोटं उमटलेली, त्यावर सुकलेला झेंडू, आणि पंख्याच्या जाळीत कुणीतरी भक्तिभावाने खोचलेलं आपट्याचं पान. पंखा फिरला की ते पान टर्र वाजायचं. गेले काही दिवस मशीनमधून आवाज येतो अशी तक्रार होती, ती त्या पानाची.

माझा भाचा कात्रपला राहतो, ऐरोलीला आयटीत आहे. त्याने आधी आपट्याचं पान काढलं, मग विंडोज 11 चालेल का ते सांगणारं पीसी हेल्थ चेक चालवलं. सगळीकडे हिरव्या टिका. "मामा, प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, सुटलात. सातव्या पिढीचा असता तर मशीनच बदलावं लागलं असतं." चेअरमनसाहेबांना हे रुचलं नाही. आमच्याकडे स्थळ बघतानासुद्धा कुणी आठव्या पिढीपर्यंत जात नाही, म्हणाले. हिरव्या टिकांच्या रांगेत एकच फुली होती. या संगणकात सिक्युअर बूटची सोय असायला हवी, असं तिथे लिहिलं होतं. सोय होती. पहिल्या दिवसापासून कुणी चालू केली नव्हती, इतकंच.

सिक्युअर बूट म्हणजे काय, हे पुढच्या मीटिंगमध्ये सभासदांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी लोकलचा आधार घेतला, या भागात दुसऱ्या कशाने काही समजत नाही. सकाळची बदलापूर लोकल प्लॅटफॉर्मला लागते तेव्हा ती रिकामी असायला हवी. नसते. अंबरनाथची मंडळी डाऊन करून, म्हणजे उलट्या दिशेने बदलापूरला येऊन, आधीच खिडकीत बसून आलेली असतात, कुणाचा डोळाही लागलेला असतो. गाडी लागायच्या आधीच ज्याने जागा धरली, त्याला नंतर कुणीही उठवू शकत नाही. संगणकाचं अगदी तसंच. बटण दाबलं की पहिल्यांदा मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं, ते बूटलोडरला उठवतं आणि बूटलोडर विंडोजला. एखादा व्हायरस या मधल्या वाटेत येऊन बसला, की मागाहून आलेल्या अँटिव्हायरसला तो दिसतच नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर फर्मवेअर आत येणाऱ्या प्रत्येकाची डिजिटल सही तपासतं. ओळखीची सही नसेल तर प्रवेश नाही.

"म्हणजे अंबरनाथवाल्यांना उठवणार?" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी आशेने विचारलं. मी म्हटलं, नाही हो, हे फक्त संगणकापुरतं आहे. मग त्यांचा विषयातला रस संपला.

ही आधीच जागा धरायची कला फार जुनी आहे. 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी सोडलेला ब्रेन नावाचा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच मुक्काम ठोकायचा, आणि त्याच्या पोटात त्या भावांचं नाव, पत्ता, फोन नंबर असं सगळं लिहिलेलं असायचं. असे सरळमार्गी उपद्रवी पुन्हा झाले नाहीत. 1990 साली भारतात सापडलेल्या बूट व्हायरसचं तर नावच जोशी. हा हार्ड डिस्कच्या पहिल्याच कप्प्यात बिऱ्हाड करायचा आणि 5 जानेवारी उजाडली की मशीन अडवून बसायचा. फर्मान एकच, 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलं की वाट मोकळी. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबूनही तो हटत नसे. पैसे नकोत, धमकी नाही, शुभेच्छा तेवढ्या द्या! मला तरी हा व्हायरस अस्सल मध्यमवर्गीय वाटतो.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं आणि सगळ्यांच्या माना बी विंगच्या जोश्यांकडे वळल्या. "माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो," ते म्हणाले, आणि तसं इतिवृत्तात नोंदवून घ्यायला लावलं.

ठरलं असं, की रविवारी दुपारी भाचा येईल आणि सिक्युअर बूट चालू करून देईल. पण आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक काका आहेत. निवृत्त. सोसायटीचा पाण्याचा पंप त्यांच्या ताब्यात असतो, आणि ज्याच्या ताब्यात पंप त्याला या इमारतीत कुणी 'राहू द्या' म्हणत नाही. काकांनी शनिवारी रात्री एक हिंदी व्हिडिओ पाहिला आणि रविवारी सकाळी पंप सुरू करता करता ऑफिसही उघडलं. डिलीटचं बटण दाबून धरलं, बायोस म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंगचं पान उघडलं. सिक्युअर बूटची ओळ फिकट, काही केल्या हात लावू देईना. व्हिडिओतल्या भल्या माणसाने सांगितलं होतं, की वर सीएसएम नावाची ओळ आहे ती बंद करा. त्याच्या आधी काय करायचं तेही त्याने सांगितलं असणार, पण तेवढ्यात बहुधा काकूंनी जेवायला हाक मारली. काकांनी सीएसएम बंद केलं, एफ10 दाबलं, येस म्हटलं.

विंडोज उठेना. स्क्रीन काळी व्हायची आणि पुन्हा बायोसवर येऊन उभी राहायची.

बातमी जिन्याने वर गेली, दर मजल्यावर वाढत गेली. चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत 'सोसायटीचे सगळे हिशेब उडाले' इथपर्यंत तिची प्रगती झाली होती. एरवी जिन्यात मला पाहिलं की मोबाइलवर बोलल्यासारखं करणारे एक थकबाकीदार गृहस्थ त्या दिवशी आपणहून खाली आले. आवाजात अपार माया. "सगळंच गेलं का हो? जुनी बाकीसुद्धा?"

भाचा आला, त्याने सीएसएम परत चालू केलं, आणि विंडोज काही झालंच नाही अशा थाटात उघडलं. जुनी बाकी रुपये-पैशांसह जागेवर होती. गृहस्थ आल्या पावली गेले.

झालं होतं ते असं. डिस्कवर कुठला भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची एक नोंद डिस्कच्या सुरुवातीलाच असते. तिची जुनी पद्धत एमबीआर, 1983 सालची, डॉसच्या जमान्यातली. तिच्यात मुख्य भाग चारच करता येतात, आणि दोन टेराबाइटच्या पुढचं तिला दिसत नाही. नवी पद्धत जीपीटी. सीएसएम ही फर्मवेअरची जुन्यांना सांभाळून घेण्याची सोय आहे. ती बंद केली की विंडोज सुरू व्हायला जीपीटी डिस्कच लागते. आमचं मशीन जोडणाऱ्याने 2019 साली डिस्क जुन्याच पद्धतीने मांडून दिली होती. सिक्युअर बूट चालू करायचं तर सीएसएम बंद करावं लागतं, सीएसएम बंद करायचं तर आधी डिस्क बदलून घ्यावी लागते. काकांनी शेवटच्या पायरीपासून सुरुवात केली होती. पंपाचं काय, कुठूनही सुरू केला तरी पाणी चढतं.

विंडोज 10 मध्ये 2017 पासून याचं औषध आहे, एमबीआरटूजीपीटी नावाचं. डेटा न पुसता ते डिस्कची मांडणी बदलतं. तरी भाच्याने आधी सगळा हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला आणि ती डिस्क माझ्या हातात दिली. मग काळी खिडकी उघडून पहिली आज्ञा दिली, फक्त तपासणीची. ती निभावली. दुसरी आज्ञा रूपांतराची. तो एंटर दाबणार इतक्यात दिवे गेले.

यूपीएस कोकलायला लागला. त्याची बॅटरीही 2019 चीच, त्याच स्वस्त कोटेशनमधली. आम्ही मशीन बंद केलं आणि बसून राहिलो. वीज आल्यावरही चेअरमनसाहेबांनी लगेच हात लावू दिला नाही. "एकदा आली की परत जाते, मग येते ती खरी," हा त्यांचा पंचवीस वर्षांचा बदलापुरी अनुभव, आणि तो त्या दिवशीही खरा ठरला. खरी वीज आल्यावर रूपांतर मिनिटभरात झालं. मग बायोस, सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, एफ10. विंडोज उघडलं. भाच्याने सिस्टिम इन्फर्मेशन काढून दाखवलं, बायोस मोडपुढे यूईएफआय, म्हणजे नव्या धर्तीचं बूट, आणि सिक्युअर बूट स्टेटपुढे ऑन. काकांनी त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'काम पूर्ण'. पंचेचाळीस अंगठे आले, सगळे काकांना.

लॅपटॉपवाल्यांनी मात्र हे वाचून लगेच बायोसमध्ये शिरू नये. डिस्कवर बिटलॉकरची कुलूपबंदी असेल तर फर्मवेअरमध्ये काही बदललेलं दिसताच मशीन 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतं. बहुतेकांची ती त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. ती आधी कागदावर उतरवून घ्यावी, मग शौर्य गाजवावं.

विंडोज 11 चढायला संध्याकाळ गेली. चढलं. दुसऱ्या दिवशी मी मेन्टेनन्सची बिलं छापायला बसलो तर नवं विंडोज म्हणे जुन्या प्रिंटरला ओळखतच नाही. थकबाकीदारांना ही बातमी कशी कळते कोण जाणे, पण ती कळली.

आता आमचा संगणक सुरू होताना सही तपासून घेतो. तो एकदा सुरू झाला की पुढे सगळं आमच्या हातात, आणि आमचं म्हणाल तर मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने पासवर्ड लावलेला आहे. सोसायटीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो कमिटीला पाठ आहे, वॉचमनला पाठ आहे, केबलवाल्यालाही. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेला पेन ड्राइव्ह कुठलीही सही न दाखवता दिवसातून दोनदा आत-बाहेर करतो. सिक्युअर बूटचा या सगळ्याशी संबंध नाही. ते पहिल्या काही सेकंदांचा राखणदार आहे, आणि तेवढ्या सेकंदांतही त्याला चकवलेलं आहे. 2023 साली ब्लॅकलोटस नावाचा बूटकिट, म्हणजे बूटमध्ये लपणारा व्हायरस, उजेडात आला. तो सिक्युअर बूट चालू असलेल्या विंडोज 11 मध्येही शिरायचा. येताना जुनी, भोक असलेली, पण खरी सही असलेली फाइल बरोबर आणायचा. सही खरी, म्हणून आत. सही खरी असली तरी कुणाला घ्यायचं नाही, याचीही एक यादी फर्मवेअरमध्ये असते, आणि त्या फाइलचं नाव त्या यादीत चढलेलं नव्हतं.

म्हणून सिक्युअर बूट चालू करू नये असं मी म्हणत नाही. करावं. फुकट आहे, एका रविवारचं काम आहे, आणि बूटमध्ये लपणाऱ्याला आज जितकी मेहनत पडते तितकी 1990 साली त्या जोश्याला खचित पडली नसेल.

पण ते करून हात झटकू नका. ज्या प्रमाणपत्रांच्या भरवशावर हे फर्मवेअर इतरांच्या सह्या तपासतं, ती 2011 साली काढलेली आहेत आणि त्यांचीच मुदत जून 2026 पासून संपायला लागते. त्यातलं विंडोजच्या बूटलोडरचं प्रमाणपत्र ऑक्टोबर 2026 पर्यंत पुरतं. त्यांच्या जागी 2023 सालची नवी प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधून येतात. ती आली नाहीत म्हणून मशीन त्या दिवशी बंद पडत नाही, मात्र बूटच्या रक्षणाचे पुढचे अपडेट्स त्याला मिळत नाहीत. तेव्हा अपडेटची पाटी आली की 'नंतर बघू' दाबायची सवय मोडा. मदरबोर्डच्या कंपनीने नवं फर्मवेअर काढलं असेल तर तेही घाला, पण यूपीएसची बॅटरी आधी बदलून घ्या. आणि तुम्ही आमच्या बाजूचे असाल, तर पावसाळ्याच्या संध्याकाळी हे काम मुळीच काढू नका.