होडीच्या वेळेतली भक्ती

सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या शिवराजेश्वर मंदिरात पर्यटकाची भक्ती परतीच्या होडीवर ठरते. राजाराम महाराजांनी बांधलेल्या या देवळात शिवराय दाढीविना, कोळी टोपीत दिसतात. हे नवल न्याहाळण्याआधीच सेल्फी उरकून पाय धक्क्याकडे वळलेले असतात. वेळ अपुरा पडतो, मान्य. पण स्कूबाला आणि सुरमईच्या थाळीला तो बरोब्बर पुरतो! शिवाय मोरयाच्या धोंड्याला जायला तर होडीही लागत नाही. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किल्ल्याचा मुहूर्त झाला तो मालवणच्या किनाऱ्यावरच्या याच गणपती, चंद्र, सूर्य कोरलेल्या खडकापाशी. पण त्याला ना कळस, ना रांग. आणि देव असल्याची खात्री पटायला पर्यटकाला एवढं तरी लागतंच. गर्दी नाही तेच बरं, असं कुणी म्हणेल. तेही खरंच, खडकाची झीज तेवढी वाचते.