भिंतरक्षक कड्याची निवड : भंडारा जिल्ह्यातील गृहस्थांसाठी

घरात डार्टबोर्ड आणणाऱ्याने आधी भिंतीची जात ओळखावी. भंडारा जिल्ह्यात ती ढोबळमानाने दोन प्रकारची. जुन्या घराची मातीची भिंत नेम चुकलेला डार्ट बिनतक्रार पोटात घेते. भोक पडलेच तर सणाआधी सारवण होतेच, त्यात ते बुजते. दुसरी भिंत विटा-सिमेंटची, वर पुट्टी आणि पुट्टीवर पोपटी रंग. हिला पडलेले भोक घरातल्या प्रत्येकाला दिसते आणि ते कोणी पाडले हे विचारावे लागत नाही. बोर्डाभोवती बसवायचे मऊ कडे, दुकानदाराच्या तोंडी ‘सराउंड’, हे या दुसऱ्या भिंतीसाठी.

मातीच्या भिंतीवाल्यांनी मात्र लगेच खूश होऊ नये. चांगला बोर्ड सिसलचा, म्हणजे शेताच्या बांधावर गुरे अडवायला लावतात त्या घायपाताच्याच कुळातल्या झाडाच्या तंतूंचा, घट्ट दाबून केलेला असतो. तो चार-पाच किलो भरतो. मातीत पिळलेला स्क्रू हे वजन किती दिवस पेलेल याची खात्री कोणी देत नाही. त्यांनी बोर्ड सरळ लाकडी खांबावर टांगावा.

कडे हवेच कशाला, नीट नेम धरला की झाले, असे म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. त्याला खेळाचा नियम समजावून सांगावा. 501 गुणांचा डाव संपवायचा तर शेवटचा डार्ट ‘डबल’मध्येच लागावा लागतो आणि डबलची पट्टी असते जेमतेम 8 मिलिमीटर रुंदीची. तीही बोर्डाच्या मधोमध नाही, कडेला. तिच्या बाहेर आकड्यांची साडेपाच सेंटिमीटरची काळी पट्टी आणि लगेच पोपटी रंग. म्हणजे डाव जिंकायला आलेला माणूस नियमानेच भिंतीच्या दिशेने फेकत असतो. त्यातून बरेच खेळाडू शेवटाला 32 गुण उरतील असे पाहतात, कारण डबल 16 हुकून साधा 16 लागला तर 16 उरतात, मग 8, मग 4. हा सोळाचा आकडा डावीकडे खालच्या बाजूला असतो. भिंतीचा तो कोपरा सर्वात आधी जातो, हे गृहीत धरावे. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये, जिथे भारताचा नितीन कुमार जागतिक स्पर्धेत खेळला, तिथेही बोर्डाभोवती सराउंड असतेच. काकाने याहून मोठा दाखला मागू नये.

आता मापे. बोर्डाचा व्यास 451 मिलिमीटर. बाजारातल्या कड्याचा बाहेरचा व्यास साधारण 70 सेंटिमीटर, म्हणजे चहूबाजूंनी सुमारे 12 सेंटिमीटर भिंतीला अभय. बोर्डाचा मध्य जमिनीपासून 1.73 मीटरवर, फेकण्याची रेषा बोर्डापासून 2.37 मीटरवर. फेकणारा त्या रेषेमागे उभा राहणार, तेव्हा तीन मीटरहून जास्त मोकळी जागा लागते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर आहे. त्यात ही जागा काढायची तर कणगी हलवायची की पलंग, हा कौटुंबिक प्रश्न आहे आणि या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे.

विकतचे कडे बहुधा ईव्हीए फोमचे असते. चपलांच्या तळव्यांनाही हाच माल वापरतात, त्यामुळे त्याची पारख करायला तज्ज्ञ लागत नाही. अंगठा दाबून पाहावा. खड्डा हळूच भरून आला तर घ्यावे.

पैसे खर्चायचे नसतील तर नजर स्प्लेंडरकडे वळते आणि इथे जरा थांबायला हवे. स्प्लेंडरच्या चाकाची रिंग 18 इंची, म्हणजे 457 मिलिमीटर. बोर्ड 451. जुन्या टायरच्या पोटात डार्टबोर्ड दोन्हीकडे तीन-तीन मिलिमीटर सोडून बसतो! असे गुण लग्नाच्या पत्रिकांतही जुळत नाहीत. पण संसार मांडल्यावर खोट दिसू लागते. टायर भिंतीवर आडवा ठेवला तर जवळपास आठ सेंटिमीटर पुढे येतो, बोर्डाची जाडी त्याच्या निम्मी. बोर्ड खोल खड्ड्यात गेल्यासारखा दिसतो आणि डबल 20 वर वरून उतरत येणारा डार्ट टायरच्या ओठालाच अडतो. बोर्डामागे लाकडी ठोकळा देऊन तो पुढे आणावा. टायरच्या रबरात धागे असतात. टोक कधी रुतते, कधी फेकणाऱ्याकडेच परत येते. मुले खेळणार असतील तर टायर नकोच.

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते, म्हणून पितळी परातीला मधोमध भोक पाडून कडे करावे, ही सूचना अभिमानाची असली तरी फेटाळावी. आवाज खणखणीत येईल, डार्टाचे टोक मात्र पहिल्याच दिवशी वाकेल. पितळेचे या खेळातले स्थान वेगळे आहे. स्वस्त डार्टाचा दांडा पितळेचा, महागाचा टंगस्टनचा. टंगस्टन पितळेच्या दुपटीहून जड, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा दांडा बारीक होतो आणि तिन्ही डार्ट एकाच चिंचोळ्या घरात मावतात. नवशिक्याला हा फरक कळायला वेळ आहे.

थर्माकोल आणू नये. एका आठवड्यात घरभर पांढरे दाणे.

कड्याखालची भिंत लोक विसरतात. दमलेल्या हाताचा डार्ट खालीच जातो. तिथे धानाचा रिकामा बारदाना तीन-चार पदरी करून लावावा. तो खरेदीच्या हंगामात मागायला जाऊ नये. त्या दिवसांत शेतकऱ्यालाच पुरत नाही. बारदान्यात तणस भरण्याचा मोह आवरावा. तणशीमागे उंदीर येतो आणि उंदरामागे कोण येते हे झाडीपट्टीत सांगावे लागत नाही. खाली फरशी असेल तर जुनी सतरंजी अंथरावी.

कालनिर्णय, हार घातलेले आजोबा आणि विजेचा बोर्ड या तिघांना हातभर लांब सरकवावे. चतुर्थीच्या चौकोनात रुतलेला डार्ट अपघात होता, हे आजीला पटवता येत नाही.

उरला उन्हाळा. मे महिन्यात खिडकीत कूलर बसतो आणि त्याचा दमट झोत नेमका बोर्डावर येतो. सिसलला ओल सोसत नाही. कूलर हलवण्याचा प्रस्ताव घरात मांडूही नये. बोर्ड उतरवून पलंगाखाली ठेवावा. त्याच्यासोबत कडेही उतरते, कारण त्याला स्वतःचा खिळा नसतो; ते बोर्डालाच आवळून बसलेले असते. मोकळ्या स्क्रूला पाऊस पडेपर्यंत कालनिर्णय अडकवावे. वाचायला उंची बरोबर आहे.