कर्नलसाहेब

पानशेतच्या बॅकवॉटरला पुण्याहून येऊन गुंठे घेतलेल्या माणसांच्या ढोबळ तऱ्हा दोन. एक, शनिवारी संध्याकाळी येऊन रविवार दुपारपर्यंत चुलीवरच्या कोंबडीविषयी बोलणारे. दुसरे, आंब्याची पाच कलमं लावून पंचवीस कलमांच्या किमतीचं तारेचं कुंपण घालणारे. आमचे शेजारी या दोहोंत बसत नाहीत. ते तिथे यंत्रांशी रीतसर पत्रव्यवहार करायला येतात.

गावात त्यांना कर्नलसाहेब म्हणतात. त्याचं असं झालं. जागेची मोजणी होती त्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "सायेब, सर्विस कुठं झाली?" हे खरं तेच बोलले, "बावीस वर्षं कर्नलमध्ये." लिनक्स नावाची जी ऑपरेटिंग सिस्टीम आहे, तिच्या गाभ्याला त्या धंद्यात कर्नल म्हणतात आणि त्या गाभ्यात यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं घालवली. पण पानशेतच्या वाटेवर खडकवासल्याला एनडीए आहे. शिवाय साहेबांचे केस बारीक, पाठ ताठ. टपरीवाल्याने बाकावरची दोन पोरं उठवून जागा करून दिली. साहेबांनी गैरसमज दूर करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. म्हणाले, "तसं नव्हे हो. मी लढाईला कधी गेलो नाही. मी आत बसून संदेश इकडून तिकडे पोचवायचो. बाहेरच्याला पत्ता लागत नाही." त्यावरून गावाने एवढंच ठरवलं की साहेब हेरखात्यात होते. त्यानंतर चहाचे पैसे घेणंही बंद झालं.

साहेबांचं तत्त्व एक आणि कडक: वापरणाऱ्याने यंत्राला हात लावायचा नाही. प्रोग्रॅम एका बाजूला, यंत्र दुसऱ्या बाजूला आणि मधे कर्नल. हे त्यांनी मला कचेरीच्या भाषेत समजावलं आहे. प्रोग्रॅमने यंत्राच्या नावाची फाइल उघडायची आणि खिडकीवर अर्ज द्यायचा. आतला माणूस आधी अर्जदाराचा अधिकार बघतो. मग अर्जाची स्वतःकडे नक्कल उतरवून घेतो, कारण दिलेल्या कागदावर अर्जदार मागाहून खाडाखोड करणार नाही याची खात्री काय? मग ती नक्कल ड्रायव्हरच्या हवाली. उत्तर आलं की तेही नक्कल करूनच बाहेर. वाचणं आणि लिहिणं या नेहमीच्या दोन खिडक्या. या दोन्हींत न बसणाऱ्या फर्माइशींसाठी तिसरी, तिचं नाव आयऑक्टल. वेग बदल, दिवा लाव, रिले ओढ, असली सगळी हुकमाची कामं तिथे. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, ही खिडकी उघडली. तेव्हा पलीकडे मुख्यतः टाइपरायटरसारखे टर्मिनल असत, म्हणून भलत्याच यंत्राला भलती फर्माईश केली तर आतून उत्तर यायचं, "हा टाइपरायटर नव्हे." टाइपरायटर भंगारात गेले तरी त्या चुकीचं सांकेतिक नाव अजून तेच आहे. साहेबांना हे उत्तर इतकं प्रिय आहे की फाटकावर विमा विकायला आलेल्या मुलालाही ते हेच सांगून परत पाठवतात. तो मुलगा पुन्हा आला नाही.

आता मोटार. आमच्या भागात विहिरीवरच्या मोटारीला बहुतेकांनी मोबाईल ऑटो बसवलाय. घरून फोन लावायचा, मोटार सुरू. रात्री दोन वाजता थ्री-फेज लाईट आली तर अंथरुणातून उठून, विंचूकाट्यातून विहिरीवर जायला नको. ज्याने हे यंत्र पहिल्यांदा काढलं त्याचा पुतळा उभारावा इतकं ते सोयीचं आहे. साहेबांना ते मान्य नाही. "उद्या पुतण्याने गंमत म्हणून फोन लावला तर? परवानगी कोण तपासणार?" त्यांच्या मोटारीच्या खोलीत स्टुलावर एक म्हातारा लॅपटॉप आहे. त्याच्या यूएसबीला रिलेची छोटी पाटी, पाटीवरून वायर कॉन्टॅक्टरला, कॉन्टॅक्टरवरून मोटारीला. जिथे हिरवं बटण होतं तिथे आता पत्र्याचं झाकण आणि झाकणाला कुलूप.

मोटार लावायची झाली की साहेब लॅपटॉपवर नऊ बाइटांचा संदेश रचतात. पहिला शून्य. दुसरा २५५, म्हणजे 'चालू कर'. तिसरा १, म्हणजे पहिला रिले. बाकी सगळे शून्य, शोभेला. बंद करायचं असेल तर २५५ च्या जागी २५३. हा ऐवज कर्नलच्या खिडकीतून जातो, यूएसबीच्या शून्य नंबरच्या दाराने पाटीवर उतरतो, आणि 'टक्' असा आवाज येतो. त्या टक्‌साठी साहेब कान टवकारून बसलेले असतात. मग कर्नल सांगतो, नऊ बाइट गेले. साहेब मागे टेकतात.

"अन् बटन दाबलं आसतं तर?" आबांनी एकदा विचारलं होतं.

आबा म्हणजे साहेबांच्या घराची राखण करणारे पलीकडच्या वाडीतले गृहस्थ. साहेब आठवड्यातले पाच दिवस पुण्यात असतात, तेव्हा मोटार आबांकडे. साहेबांनी त्यांचं लॅपटॉपवर रीतसर खातं उघडलं, मोटारीच्या फाइलीवर त्यांना हक्क दिला, पासवर्ड ठरवायला सांगितला. आबांनी तोरण्यावरच्या मेंगाईचं नाव दिलं. साहेब म्हणाले, कमीत कमी एक आकडा हवा. आबा बराच वेळ विचारात पडले. देवीपुढे आकडा कसा लावायचा? शेवटी देवी एकच आहे म्हणून पुढे १ लावला.

जूनच्या सुरुवातीची गोष्ट. पहिल्या वळवाने तारा लोळवल्या होत्या. टाकी कोरडी. साहेब शनिवारी आले, संदेश पाठवला, टक् झालं, नऊ बाइट गेले. अर्ध्या तासाने वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, नळाला पाणी नाही.

"मोटार चालू आहे," साहेब म्हणाले.

आबा खाली जाऊन मोटारीला हात लावून आले. "थंड हाय सायेब."

"थांबा, विचारतो." साहेबांनी उलट्या दिशेचा अर्ज केला. पाटीकडून आठ बाइट परत आले. पहिल्या पाचांत पाटीचं नाव, शेवटच्यात रिलेंची अवस्था. शेवटचा बाइट १. "हे बघा. चालू."

"लाईटच न्हाई की."

"लॅपटॉप चालू आहे ना?"

"त्यो बॅटरीवर हाय."

"आणि पाटी?"

"ती लॅपटापावर हाय."

इथे दुसरा कुणी असता तर हसला असता. साहेब हसले नाहीत. त्यांनी आबांना शांतपणे समजावलं की आपण जे विचारलं त्याचं उत्तर बरोबर आलं आहे. आपण रिलेला विचारलं, रिले ओढलेला आहे. पाण्याबद्दल आपण कुणाला काही विचारलेलंच नाही. आबांनी मान डोलावली, दोन कळश्या उचलल्या आणि विहिरीकडे निघाले. रात्री केव्हातरी लाईट आली. रिले ओढलेलाच होता. सकाळपर्यंत टाकी भरून, वाहून, अंगण ओलांडून पाणी माझ्या मिरच्यांत शिरलं होतं. साहेब माफी मागायला आले, पण त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान लपत नव्हतं. संदेश शेवटी अमलात आला होता.

अशी माणसं मला इतर खात्यांतही भेटली आहेत. "मी कळवलंय" म्हणणारी. पत्र गेलं की काम झालं. दोन निळ्या टिका आल्या की समोरच्याने वाचलं, वाचलं म्हणजे समजलं, समजलं म्हणजे केलं. फरक इतकाच की ती माणसं आळशी असतात, आणि साहेब अजिबात आळशी नाहीत. बटण दाबण्याचे कष्ट वाचवायला त्यांनी तीन महिने रात्रीचा दिवस केला होता.

बोलण्यातही तेच. टपरीवर भजी सांगताना आधी माणसाचं लक्ष वेधतात, मग पदार्थ, मग संख्या, मग प्लेट की कागद, आणि मग थांबतात. समोरून ते सगळं परत ऐकल्याशिवाय पुढे जात नाहीत. भजीवाला "व्हय व्हय" म्हणाला तर चालत नाही, "दोन कांदा कागदात" असं म्हणावं लागतं. वहिनींनी वाढलेली भाजी पानात पडली की "पोचली" म्हणतात. चांगली झाली की नाही हा वेगळा प्रश्न, तो वेगळा विचारायचा. वहिनींनी तो कधीच विचारायचा नाही असं लग्नानंतर लवकरच ठरवलं असावं.

एका वर्षी १२ जुलैला शाळेच्या गुरुजींनी साहेबांना बोलावलं. १९६१ साली याच तारखेला सकाळी पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आदल्या रात्री लष्कराचे जवान खचत्या बांधावर वाळूची पोती रचत होते. तेव्हा त्या जवानांच्या शौर्यावर निवृत्त कर्नलनी चार शब्द बोलावेत, अशी गुरुजींची साधी अपेक्षा. साहेब जवानांवर दोन मिनिटं बोलले, आणि मनापासून बोलले. मग खडू मागितला. फळ्यावर धरण काढलं, त्याच्या पोटातला विमोचक काढला. आंबी नदीचं पाणी अडवलं तेव्हा या विमोचकाचं काम पुरं झालेलं नव्हतं, मातीचा बांध पावसाळ्याआधी घाईने उंच केला होता, आणि पाणी चढत गेलं तेव्हा ते हवं तसं सोडून देण्याची सोय हाताशी नव्हती. "म्हणजे मुलांनो, हुकूम द्यायला माणसं होती. हुकूम घ्यायला यंत्र नव्हतं. आमच्यात अशा वेळी उत्तर येतं, 'असं उपकरण नाही.' ते उत्तर पहिल्या दिवशी मागून घ्यावं, शेवटच्या रात्री नव्हे." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत शहाणपणाचं बोलणं. पुढची पस्तीस मिनिटं त्यांनी चुकांच्या सांकेतिक क्रमांकांना दिली. चौथीतल्या पोरांना त्यातले दोन अजून पाठ आहेत. ११ म्हणजे 'पुन्हा प्रयत्न करा', १६ म्हणजे 'गडबडीत आहे'. गृहपाठाचं विचारलं की ती गुरुजींना आकडा सांगतात.

मिरच्यांच्या प्रकारानंतर आबांनी आपल्यापुरती व्यवस्था लावली. पत्र्याच्या झाकणाच्या मागच्या बाजूला स्क्रू होते. ते सैल केले की हात आत जातो आणि हिरव्या बटणाची जुनी जागा सापडते. तिथे वाडीतल्या वायरमनने एक नवं बटण बसवून दिलं, साहेबांच्या वायरींना समांतर. रोज संध्याकाळी पुण्याहून साहेबांचा फोन येतो. आबा टाकीवर काठी आपटून आवाज बघतात, मग फोन उचलतात.

"टाकी?"

"झिरो."

झिरो म्हणजे सगळं यथासांग. युनिक्सच्या रिवाजाप्रमाणे काम झालं की शून्य, बिघडलं की उणे एक. हे साहेबांनीच शिकवलं होतं, आणि आबांना ते एकदम पटलं होतं. भानगड शून्य, तर झिरो. त्यापुढे फोनवर काही बोलावं लागत नाही. साहेब मला कौतुकाने सांगतात की गेल्या पावसाळ्यापासून त्यांची प्रणाली एकदाही चुकली नाही. मी त्या पत्र्याच्या झाकणाची मागची बाजू पाहिलेली आहे. माझ्या मिरच्या सध्या उत्तम आहेत, तेव्हा मी काही बोलत नाही.

हळूहळू झिरो वाडीभर झालं. दूध घातलं, झिरो. म्हैस व्याली, झिरो. वेल्ह्याला जाऊन सातबाऱ्याचा उतारा आणला, तो मात्र बहुधा उणे एक.

मग मे महिन्यात आबांच्या नातीचं लग्न निघालं. मांडव मोठा, वऱ्हाड मुळशीकडचं, भूक लागलेलं. अक्षता पडल्या. नवरदेवाचे मामा, ज्यांचा मानपानावर आधीच थोडा राग होता, ते व्यासपीठाजवळून आचाऱ्याच्या दिशेने ओरडले, "जेवणाचं काय?"

आबा कढईमागे उभे होते. दिवसभर पायाला भिंगरी. सवयीने हात वर करून तेवढ्याच मोठ्याने ओरडले, "झिरो!"

मांडव गप्प झाला. मामांनी फेटा काढला, घडी घातली, काखेत मारला. "सातशे माणूस आणलंय," ते म्हणाले, "अन् जेवान झिरो?" वऱ्हाडातले कर्ते पुरुष चपला शोधू लागले. आबांकडचे चार लोक मामांच्या पाया पडायला धावले, दोघे कढईकडे धावले, आणि जो तो एकाच वेळी मोठ्याने खुलासा करू लागला, त्यात युनिक्सपर्यंत कुणीच पोचेना.

कर्नलसाहेब तेवढे उठले. हात धुतले, रिकाम्या पंगतीतल्या पहिल्या पानावर जाऊन बसले आणि पाणी फिरवलं. वाढपी गोंधळून बुंदीचं पातेलं घेऊन समोर उभा राहिला, मागे मामांकडे पाहिलं, आणि मनाचा हिय्या करून एक मूठ वाढली.

"पोचली," साहेब म्हणाले.