बसतलो रे, बसतलो!

मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही रस्त्याला लागा, दोन-तीन गावांमागे एक मेस्त्री भेटतोच. झापांची माटवी, मागे जांभ्याची एक भिंत, पुढे फणस आणि फणसाच्या खांदीला लटकणारी चेनपुली, एवढं त्याचं गॅरेज. या माणसाला नाव असतं, पण ते रेशनकार्डावर. गाव त्याला मेस्त्री म्हणतं, बायकोसुद्धा मेस्त्रीच म्हणते. त्याला ओळखायची खूण अशी, की कुठल्याही गाडीचा कुठलाही भाग त्याच्या हातात द्या, तो विडी ओठाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवतो, एक डोळा बारीक करतो आणि म्हणतो, "बसतलो रे, बसतलो!"

"बसूचो नाय" असं त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. भाग बसला नाहीच, तर खोट भागात नसते, गाडीत असते. कंपनीने तिथे भोक उगाच लहान ठेवलेलं असतं.

अशा मेस्त्रीची खरी परीक्षा पाहायची तर त्याच्याकडे जुन्या पेट्रोल इंजिनाचा डिस्ट्रीब्युटर जुळवायचं काम न्यावं. तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्याने नेलं. मुंबईची नोकरी सोडून आलेला चाकरमानी. त्याला किनाऱ्याच्या रस्त्याला कॉफी विकायला 'व्हिंटेज' ट्रक हवा होता. मिळाला तो महिंद्राचा एफसी-१५०. पेट्रोलवर चालणारा हा छोटा ट्रक कंपनीने १९६५ साली आणला. बॉनेट जवळजवळ नाहीच, ड्रायव्हर इंजिनाच्या उरावर बसलेला. मधल्या काळात कुणीतरी पेट्रोलच्या खर्चाला कंटाळून त्यात डिझेल इंजिन घातलं होतं. चाकरमान्याला पुन्हा मूळ पेट्रोलच हवं, कारण फोटोत डिझेलचा धूर येतो. म्हणून त्याने कुर्ल्याच्या भंगारबाजारातून जीपचं हरिकेन इंजिन उचललं. सव्वादोन लिटरच्या आतबाहेरचं, चार सिलिंडरचं, आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि बाहेर काढणारा ब्लॉकमध्ये, असं जुन्या घडणीचं. सगळं जागेवर होतं, फक्त डिस्ट्रीब्युटर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत डेल्को, आधीच्याने काढून नेला होता.

"डेल्को ना? गावतलो," मेस्त्री म्हणाला, आणि बायकोला हाक मारून बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे मागवले.

आधी डिझेलचा विषय निघाला. चाकरमान्याने भीत भीत विचारलं, "मेस्त्री, उतरवलेल्या डिझेल इंजिनाचा डेल्को नाही का चालणार?" मेस्त्री खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिला. डिझेलला ठिणगी लागतच नाही, दाबून तापलेल्या हवेतच ते पेटतं, त्यामुळे डेल्को नावाची वस्तू त्यावर नसते. हे मेस्त्रीला झोपेतही ठाऊक. पण 'नाही' हा शब्द जिभेवर येईना. शेवटी म्हणाला, "चललो असतो रे. पण त्येका नसताच."

मग डब्यातून पहिला नग निघाला तो मारुती ८०० चा. झाकणाला वायरींची तीनच तोंडं, कारण त्या इंजिनाला सिलिंडरच तीन. चाकरमानी इंजिनिअर असल्यामुळे त्याला चारपर्यंत मोजता येत होतं.

"मेस्त्री, आपले सिलिंडर चार आहेत."

"मगे? चवथ्याक संकष्टी."

हा विनोद होता की बेत, ते मला अजून कळलेलं नाही. सुदैवाने तो नग इंजिनाच्या तोंडाशीही बसेना.

दुसरा निघाला ॲम्बॅसॅडरचा. इथे मेस्त्रीची कळी खुलली. चार सिलिंडर, पेटण्याचा क्रमही तोच, १-३-४-२. हा क्रम चाकरमान्याला समजावताना मेस्त्री उठून उभा राहिला. "आयक. इंजिन दोन फेरे मारता, तेवढ्यात डेल्कोचो दांडो एकच. म्हणजे पंगतीतलो वाढपी म्हण. पयल्याक वाढता, मगे तिसऱ्याक, मगे चवथ्याक, आणि दुसऱ्याक शेवटाक. दुसरो जावय नाय मां!"

एखाद्या पुस्तकाने याहून नेटकं सांगितलं असेल, पण इतकं लक्षात राहणारं नाही. मात्र ॲम्बॅसॅडरचा दांडा हरिकेनला लांबीने जुळेना आणि त्याच्या बुडाची जीभ समोरच्या खाचेत उतरेना. मेस्त्री म्हणाला, "लेथार एक बूश करून घेवया, बसतलो." चाकरमान्याने खिशातून मोबाईल काढून कुडाळच्या लेथवाल्याचा भाव विचारला आणि मोबाईल परत खिशात ठेवला.

इथे या माणसाबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी. गिऱ्हाईक चहा प्यायला रस्त्यापलीकडे गेलं, की हाच मेस्त्री वेगळा माणूस होतो. त्याने ॲम्बॅसॅडरचं झाकण काढून रोटर बोटाने फिरवून पाहिला. खालची दोन वजनं फाकवून स्प्रिंग किती ताठ आहे ते नखाने चाचपलं. वेग वाढला की ही वजनं बाहेर जातात आणि ठिणगी थोडी आधी पडते. ती किती आधी पडावी हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं. हरिकेन हे संथ, जोर लावणारं इंजिन. दुसऱ्याच्या स्प्रिंगवर ते चढाला ठोकायला लागेल, नाहीतर कुढत चालेल. आणि उलट्या दिशेने फिरणारा नग बसवून वायरी फिरवून घेतल्या तर इंजिन सुरू होईल, पण वजनांचा हिशोब उलटा पडेल. हे सगळं त्याला येतं. येत नाही ते फक्त गिऱ्हाईकासमोर बोलायला, कारण मग "बसतलो" म्हणता येणार नाही.

परत आलेल्या चाकरमान्याने आरटीओचा मुद्दा काढला. इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगी आणि आरसी बुकात नोंद लागते. मेस्त्री म्हणाला, "कागदय बसतलो." एमएच-०७ च्या हद्दीत कागद बसवणं हे मात्र लेथचं काम नव्हे, ते चाकरमान्याला पुढे ओरोसच्या आरटीओ कचेरीच्या फेऱ्यांत कळलं.

शेवटी दुसऱ्या डब्याच्या तळातून, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला, खुद्द जीपचाच डेल्को निघाला. दांड्याच्या टोकाची जीभ मध्यापासून जरा सरकलेली. समोर ऑइलपंपाच्या दांड्याला तशीच सरकलेली खाच. त्यामुळे तो एकाच बाजूने जातो, उलटा घालायची सोयच नाही. टक् करून बसला. पॉइंटची फट मेस्त्रीने लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याने लावली. फिलर गेज त्याच्याकडे आहे, पण ते 'पावण्यांसाठी'. पत्रिका श्रीमंताघरची असली तर फट मोठी होते, एवढंच सांभाळावं लागतं.

"हा आधीच का नाही काढलात?" चाकरमानी चिडून म्हणाला.

"शिरा पडो! आधी काढलंय असतंय, तर दुसरे बसतत काय नाय ता कळला असता काय?"

आता तो ट्रक तारकर्लीला उभा असतो. पावसाळ्यात कॉफी बंद असते, पण इंजिन अधूनमधून फिरवावं लागतं, आणि खाऱ्या दमट हवेने झाकणाच्या आत ओल धरली की ठिणगी भलत्याच वाटेने पळते. मग झाकण मेस्त्रीच्या चुलीपाशी वाळायला येतं आणि बांगड्याचा वास घेऊन परत जातं. झाकणाची पितळी तोंडं हिरवी पडली की ती पॉलिश पेपरने घासावी लागतात, तेही मेस्त्रीच करतो. पैसे मागत नाही, कॉफी मात्र फुकट पितो, आणि आलेल्या पर्यटकांच्या गाड्यांची बॉनेटं न विचारता उघडतो.

तुमच्या माळ्यावर, माटवीत किंवा विहिरीच्या पंपाच्या खोलीत एखाद्या जुन्या जीपचा डेल्को पडला असेल, तर तो भंगारवाल्याला किलोवर घालू नका. मेस्त्रीला नेऊन द्या. कुणाच्या तरी गाडीला तो बसतलो.