दहापैकी दहा

अक्षय तृतीयेला अकोल्याहून नवी गाडी आणली तेव्हा पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. शोरूमचा पोरगा म्हणाला, "काका, हळूच घ्या पुढे." मी घेतली. लिंबू चिरडलं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. पुढे कळलं की नवीकोरी असून सदा बिघडणाऱ्या गाडीलाच अमेरिकेत लिंबू म्हणतात, आणि अशा गाडीच्या मालकाला वाचवायला कनेक्टिकट राज्याने १९८२ साली कायदाही केला. म्हणजे त्या फोटोत तीन लिंबं आहेत. एक चाकाखाली, एक चाकांवर, आणि तिसरं स्टिअरिंगमागे दात काढून बसलेलं.

गाडीला सनरूफ होतं. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात घाटाखाली, नांदुरा-मलकापूरकडे, मे महिन्यात डांबर वितळतं. अशा जिल्ह्यात छताला काच लावून ऊन आत घ्यायचे मी जादा पैसे मोजले होते. आईने मान वर करून पाहिलं.

"पैसे देऊन टपाले भोक पाडून आनलं काय रे?"

"भोक नाही आई, सनरूफ."

"आपलं घर गळे तवा तुह्या बापानं पत्रा टाकला. तू पत्रा काढून आनला."

दुसऱ्या दिवशी पहाटे भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत आलं. पाऊस कसा, पीक कसं, सगळं सांगून झालं. माझ्या मागच्या सीटवर पाऊस पडेल, एवढंच राहून गेलं.

पण त्याआधी आवाज. आठवड्याभरात डॅशबोर्डातून टकटक सुरू झाली. शेजारचे भाऊ कान लावून म्हणाले, "सर, सैलानीच्या दर्ग्याले नेऊन आना. अंगात आलं असन." मी विज्ञानाचा शिक्षक. मी अकोल्याला नेली.

जाताना बोथ्याचा घाट लागतो, ज्ञानगंगा अभयारण्यातून. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ २०१९ साली सुमारे १३०० किलोमीटर चालून याच जंगलात आला होता, तोही एकही सर्व्हिसिंग न करता. माझ्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग हजाराला होती आणि ती पाचशेतच कण्हत होती. घाटभर टकटक. वर्कशॉपच्या फाटकात शिरताच आवाज बंद. तपासणीला साहेब आले की आमचा सातवीचा वर्ग असाच गप्प होतो.

तिसऱ्या खेपेला त्यांनी डॅशबोर्ड उघडला. आतून सुपारी निघाली. पूजेची. मीच ती गणपतीपुढे ठेवली होती आणि ती एसीच्या जाळीतून आत गेली होती. सगळं वर्कशॉप पाने टाकून बघायला जमलं. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने सुपारी माझ्या तळहातावर ठेवली आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "सर, दहापैकी किती देणार?"

त्या तोंडाने काय आठ देणार? दहा दिले.

जूनमध्ये राजूर घाटात पहिला जोरदार पाऊस झाला आणि छताच्या डाव्या कोपऱ्यातून धार लागली. आईने काही न बोलता पिशवीतून छत्री काढली आणि चालत्या गाडीत उघडली. समोरून येणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर आम्हाला बघायला वळला, आणि पुढच्या वळणावर घाटाला आणखी एक बळी मिळता मिळता राहिला.

आता तक्रार खरी होती, पण तक्रारदाराची अब्रू सुपारीतच गेली होती. अ‍ॅडव्हायझरने आधी सीटखाली वाकून पाहिलं. "सर, पाण्याची बाटली वगैरे सांडली नाही ना?" मग म्हणाला, "थोडं येतं सर, नॉर्मल आहे. ऑब्झर्व्ह करा." मी दोन महिने ऑब्झर्व्ह केलं. सीटवर बुरशी आली. तिच्यावरून सातवीला एक तास घेतला. गाडीचा झालेला एवढाच शैक्षणिक उपयोग.

शेवटी चिखली रोडवरच्या मिस्त्रीला दाखवली. त्याने टॉर्च मारला. "सर, सनरूफच्या कोपऱ्याले पानी काढाच्या नळ्या असतात. हे नळी कंपनीतून बसवेलच नाही. मी हात लावला त वॉरंटी जाईन तुमची." दोन मिनिटांचं काम. पण त्या दोन मिनिटांसाठी अकोल्याला जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर.

गळतीसाठी चार खेपा झाल्या. प्रत्येक वेळी गाडी धुऊन मिळाली. संध्याकाळी शोरूमच्या पोराचा फोन यायचा, "काका, कंपनीचा कॉल येईल, दहा द्या बरं, इन्सेन्टिव्ह त्याच्यावर आहे." पोरगं मोताळ्याकडचं, बापाची कोरडवाहू शेती. मी दहा द्यायचो. आम्ही लग्नातली भाजी खारट झाली तरी "मस्त झाली" म्हणणारी माणसं.

मग संतापून मुख्य कार्यालयाला लांबलचक पत्र पाठवलं. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तेव्हा भाच्याला गाठलं, तो बुलडाण्याला वकिली करतो.

"मामा, सोपं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असली की जिल्हा आयोग. गरज पडली तर आयोग दोष प्रयोगशाळेतून तपासूनही घेतो. दोन वर्षांच्या आत जायचं."

"आणि तो गाड्या परत बोलावण्याचा कायदा?"

"तो जिवाला, रस्त्यावरच्या सुरक्षेला किंवा पर्यावरणाला धोका असलेल्या दोषांसाठी. ओल्या सीटने फार तर सर्दी होते. जॉब कार्डं दाखवा."

मी ऐटीत चार जॉब कार्डं पसरली. त्याने एकेक वाचलं. चारही कार्डांवर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'जनरल चेकअप'. खाली माझी सही. ठसठशीत, मराठी वळणाची, मुलांना कित्ता द्यावा अशी.

"मामा, सही करताना वाचलं नाही?"

मी वीस वर्षं मुलांना सांगतोय, प्रश्न नीट वाचा.

तरी त्याने नोटीस पाठवली. कंपनीचं उत्तर विनाविलंब आलं. सोबत तक्ता होता, गळतीच्या प्रत्येक भेटीचे गुण. दहा, दहा, दहा, दहा. भाचा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "पुरावा पक्का आहे मामा. फक्त त्यांच्या बाजूचा."

नोटिशीमुळे असो की दयेने, नळी एकदाची बसवली गेली. डाव्या कोपऱ्यातलं पाणी थांबलं. आता उजवीकडून येतं.

परवा राजूर घाटात पाऊस लागला, गाडी बाजूला घेऊन थांबलो, तेवढ्यात फोन वाजला. या वेळी मी ठरवून ठेवलं होतं.

"सात," मी म्हणालो.

पलीकडे शांतता. मग बारीक आवाज. "काका, नऊच्या खाली नापास धरतात हो."

छत्रीखालून आई म्हणाली, "दे ना बाबू दहा. लेकरू हाये ते."

दिले. कंपनीच्या दफ्तरात आज माझ्यासारखा समाधानी ग्राहक सगळ्या जिल्ह्यात नसेल. थोडा ओला आहे, एवढंच.